उजेडाची काटकसर

टाकी दिवाणखान्यात कुठे ठेवायची हे खिडकी ठरवत नाही, विजेचं सॉकेट ठरवतं. घरोघरी माशांच्या टाक्या लावून देण्याच्या आणि पुढे त्या सांभाळण्याच्या कामात हे इतक्यांदा दिसतं की त्याला नियमच म्हणायला हवं. सोफ्याशेजारची भिंत, टीव्हीच्या युनिटचा कोपरा, आत जाणारा बोळ अशा जागी दोन फुटी टाकी येते आणि मग प्रश्न निघतो, की इथे कुठली झाडं जगतील. दुकानात याचं उत्तर पाठ असतं: अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोराइन, व्हॅलिसनेरिया, नाहीतर सरळ हायड्रिला. यादी चुकीची नाही. पण ती एका दमात म्हटली की ही सहाही झाडं एकाच स्वभावाची आहेत असा समज होतो आणि टाक्या बिघडतात त्या या समजापायी. माझं म्हणणं असं, की ‘कमी प्रकाशाची झाडं’ हे नावच दिशाभूल करतं. असतात ती कमी खर्चाची झाडं. उजेड ही झाडाची मिळकत. ती तुटपुंजी असेल तर कोण किती थोडक्यात भागवतं ते पाहून झाड निवडावं लागतं, आणि एकदा तसं निवडलं की मिळकत वाढवायचा मोह आवरावा लागतो. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे.

आधी मिळकत किती ते बघू. इथे डोळा फसवतो. दुपारच्या उघड्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या दिवाणखान्यात तो १०० ते ३०० भरतो. फरक काहीशे पटींचा, तरी उन्हातून घरात आल्यावर मिनिटाभरात आपण वर्तमानपत्र वाचू लागतो, कारण डोळा जुळवून घेतो. पानाला ही सोय नाही. त्याच्या दृष्टीने आलेला प्रकाशकण तेवढाच खरा. म्हणून झाडासाठी उजेड वॅटमध्ये मोजण्यात अर्थ नसतो (वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते) आणि ल्युमेनमध्ये मोजणंही अपुरंच, कारण ते माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे आणि आपल्या डोळ्याला पिवळसर हिरवा उजेड सर्वांत लख्ख वाटतो. झाडाचं माप मायक्रोमोलमध्ये करतात: एका चौरस मीटरवर एका सेकंदात झाडाच्या उपयोगाचे किती प्रकाशकण पडले. भर उन्हात हा आकडा २,०००च्या घरात असतो. टाकीच्या तळाशी तो ३०पर्यंत असेल तर ती कमी प्रकाशाची टाकी, असं साधारणपणे मानतात. पांढऱ्या एलईडीखाली त्याचे सुमारे दोन हजार लक्स होतात आणि मोबाइलमधल्या लक्समापकावरही त्याचा ढोबळ अंदाज येतो. आता दिवाणखान्याचे ३०० लक्स घ्या. ते भरतात जेमतेम चार-पाच मायक्रोमोल. सावलीतल्या पानाची जमा आणि खर्च जिथे बरोबरीला येतात तो आकडा दहाच्या आत असतो हे खरं, पण ती फक्त त्या क्षणाची बरोबरी झाली. रात्रभराचा खर्च आणि नव्या पानाचं बांधकाम त्याच मिळकतीतून निघायला हवं. त्यामुळे ‘खोलीत छान उजेड आहे, टाकीला वेगळा दिवा कशाला?’ या प्रश्नाला सर्वांत सोशिक झाडाचंही उत्तर नकारार्थीच आहे. ते लगेच मरत नाही. साठवलेलं खात बसतं, काही आठवड्यांनी पान पिवळं पडून विरघळू लागतं आणि खापर पाण्यावर फुटतं.

आता खर्चाकडे वळू. पान जिवंत ठेवायला दिवसरात्र चालणारं श्वसन हा रोजचा घरखर्च, नवी पानं-मुळं घालणं हे बांधकाम, आणि जुनं पान गळणं, गोगलगायीने कुरतडणं, शेवाळाखाली गुदमरणं ही घट. तिन्हीकडे हात आखडून वागणारं झाड म्हणजे अनुबियास. पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांत, ओढ्यांच्या काठी, दगडांना धरून, दाट सावलीत ते वाढतं. हाइनरिश शॉट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५७मध्ये या प्रजातीला इजिप्तच्या अनुबिसचं, म्हणजे मृतांच्या देवाचं नाव दिलं. टाकीतली त्याची चिवट वाढ पाहता नाव अगदी उलटं पडलंय. पान जाड, चामड्यासारखं, आणि एकेक पान वर्षाहून जास्त टिकतं. त्यामुळे महिन्याला एखादंच नवं पान आलं तरी झाड तोट्यात जात नाही. हे अळूच्या कुळातलं झाड. अळू कच्चा राहिला की घसा खाजवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे, ते याच्याही पानात असतात, आणि जाड पानात हीही भर असल्याने एरवी दिसेल ते हिरवं फस्त करणारा गोल्डफिश याच्या वाटेला सहसा जात नाही. हळकुंडासारखं आडवं खोड तेवढं खडीत पुरायचं नाही. पुरलं की कुजतं. दगडाला किंवा लाकडाला तंगुसाने बांधा, नाहीतर फेविक्विकचा थेंब लावा. जावा फर्नचं शास्त्र हेच, फक्त पान पातळ आणि जुन्या पानाच्या कडेलाच पिल्लं धरायची सवय. क्रिप्टोकोराइनची रीत वेगळी. श्रीलंकेची वेंडटी ही त्यातली सर्वांत सहज मिळणारी जात, आणि नव्या टाकीत लावल्यावर हिची पानं आठवड्याभरात वितळल्यासारखी नाहीशी होतात. घरचे घाबरतात, झाड उपटून टाकतात. खरं तर तिने जुन्या पाण्यासाठी, जुन्या उजेडासाठी बांधलेली, आता परवडेनाशी झालेली पानं मोडीत काढलेली असतात. पुंजी जमिनीखाली मुळांत शाबूत असते आणि न उपटता तीन-चार आठवडे थांबलं तर त्याच जागी नव्या हवामानाला साजेशी पानं येतात.

इथे वनस्पतिशास्त्राचा जाणकार मला अडवेल, आणि अडवावंच. तो म्हणेल, हायड्रिलाचं काय? शाळेच्या प्रयोगवहीत उलट्या नरसाळ्याखाली ठेवलेली, परीक्षानळीत ऑक्सिजनचे बुडबुडे सोडणारी ही वनस्पती अगदी थोड्या उजेडातही प्रकाशसंश्लेषण करू शकते. भर उन्हाच्या शंभराव्या हिश्श्यातही तिचं भागतं, आणि तळ्यांत ती बाकीच्यांना मागे टाकते त्याचं हेही एक कारण आहे. मग ती अनुबियासच्याच पंगतीत का नको? आक्षेप बिनतोड वाटतो, पण हायड्रिला या थोड्या मिळकतीचं करते काय हे पाहिलं की मुद्दा उलगडतो. ती सगळी मिळकत उंचीत घालते. अंधुक टाकीत तिच्या दोन पेरांमधलं अंतर वाढतं, दांडी दोऱ्यासारखी बारीक होते, शेंडा पृष्ठभागाकडे धावतो आणि तिथे पोचला की वर आडवा पसरतो. खाली उरतात उघड्या दांड्या आणि गळून कुजणारी पानं. तळ्यात हा डाव बरोबर आहे, कारण वर खरंच सूर्य आहे. पंधरा इंच पाण्याच्या टाकीत वर आहे तीच एलईडीची पट्टी, आणि तिचा उजेड अडवून ही आपल्याच खालच्या पानांना आणि शेजाऱ्यांना उपाशी ठेवते. व्हॅलिसनेरियाही लांबलचक फितींनी हेच करते, फक्त जरा सभ्यपणे. म्हणजे कमी उजेडाला तोंड द्यायच्या दोन तऱ्हा झाल्या: एक त्यात राहून भागवायची, दुसरी त्यातून पळ काढायची. दुकानातली यादी दोन्ही तऱ्हा एका ओळीत बसवते. दर पंधरवड्याला कात्री चालवायची तयारी असेल तर पळ काढणारी झाडं लावायला माझी हरकत नाही. पण ‘काही करावं लागू नये’ म्हणून ज्याने कमी प्रकाशाची झाडं मागितली, त्याच्या गळ्यात हायड्रिला मारणं ही फसवणूकच.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो जास्त मोहात पाडणारा आहे. एलईडी आता स्वस्त. मग काटकसरीच्या गप्पा कशाला, दुप्पट उजेडाची पट्टी लावा आणि हवं ते झाड वाढवा. यात एक गृहीत लपलेलं आहे, की झाडाची मिळकत म्हणजे केवळ उजेड. प्रकाशसंश्लेषणाला दुसरा कच्चा माल लागतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि पाण्यात त्याचीच चणचण. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो, शिवाय पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानाला चिकटून असलेल्या पाण्याच्या थरातला संपला की पुढचा यायला वेळ लागतो. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी कलावंताच्या टाक्यांची छायाचित्रं पाहून ज्यांना गालिच्यासारखी हिरवळ हवीशी वाटते, त्यांना त्या हिरवळीमागचा सिलिंडर छायाचित्रात दिसत नाही. अशा टाक्यांत हा वायू बाहेरून सोडून साधारण ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. वायू तोच ठेवून नुसता उजेड वाढवला तर जास्तीचा उजेड झाडाला वापरताच येत नाही. तो वापरतं शेवाळ, ज्याला पान, देठ, मूळ असलं काही पोसायचं नसतं. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया इथेही वेगळ्या निघतात: त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढू शकतात, म्हणून बोअरच्या जड पाण्यात त्या खुलतात. अनुबियास, फर्न आणि मॉस यांना ती विद्या नाही. कुणी म्हणेल, डायना वॉल्स्टॅड यांच्या १९९९च्या पुस्तकाने तर सिलिंडरशिवाय, खिडकीच्या उजेडावर आणि तळातल्या बागेच्या मातीवर टाक्या चालवून दाखवल्या. दाखवल्या, मान्य. पण ती माती कुजताना तळातून कार्बन डायऑक्साइड सोडत असते. म्हणजे तिथे दोन्ही मिळकती बरोबरीने वाढवल्या आहेत. एकच वाढवणं हा मात्र शेवाळ पोसायचा खात्रीचा मार्ग.

आता ज्या गोष्टीवर सर्वांत कमी बोललं जातं तिच्याकडे येतो: उष्णता. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत टाकीचं पाणी हीटर लावून २४-२५ अंशांवर ठेवायला सांगतात आणि झाडांच्या उजेडाचे आकडे त्याच पाण्याचे असतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी हीटरशिवायच ३० ओलांडतं. उजेड मुळात मंद असेल तर प्रकाशसंश्लेषण उजेडापाशीच अडलेलं असतं. पाणी तापलं म्हणून ते वाढत नाही. श्वसन मात्र वाढतं, दहा अंशांना साधारण दुप्पट या हिशेबाने. म्हणजे २४ अंशांवरून पाणी ३२वर गेलं तर घरखर्च पावणेदोन पट होतो आणि पगार तेवढाच राहतो. जो दिवा हिवाळ्यात पुरत होता तोच मे महिन्यात अपुरा ठरतो, आणि ज्या झाडाने डिसेंबरात नवी पानं घातली ते उन्हाळ्यात कारण नसताना खंगल्यासारखं दिसतं. कारण असतं, ते तापमापकावर असतं, आणि बहुतेक घरांत टाकीला तापमापकच नसतो. म्हणून आपल्याकडे कमी उजेडाची निवड करताना उष्णता सोसण्याला उजेडाइतकंच वजन द्यायला हवं. त्या कसोटीवर अनुबियास आणि वेंडटी तीस अंशांच्या आसपास तग धरतात. जावा मॉस आणि फर्न उन्हाळ्यात थबकतात. बोर्निओच्या गार ओढ्यांतली, हल्ली फॅशनमध्ये असलेली महागडी ब्युसेफॅलॅंड्रा मंद प्रकाशाची म्हणून विकली जाते आणि उजेडाबाबत तो दावा खोटा नाही, पण नागपूरच्या मे महिन्यासाठी ती निवडण्यात शहाणपण नाही. पाण्यावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी काही अंश उतरतं. कोरड्या हवेत हा उपाय चोख चालतो, कोकणातल्या दमट हवेत कमी. इथे लोक एक उलटी चूकही करतात: झाड खंगलं म्हणून दिव्याचे तास वाढवतात. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो (२५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३२ला साडेसातच्याही आत), कुजणारी पानं तो आणखी खातात, आणि वाढवलेल्या तासांचा फायदा पुन्हा शेवाळाला. दिवसाला सहा ते आठ तास पुरेत, उन्हाळ्यातही. 

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. टाकीत झाडं लावतात ती नुसती शोभेला नव्हे, पाणी निवळ राहावं म्हणून. आणि जे झाड महिन्याला एक पान घालतं ते माशांच्या विष्ठेतून येणारा नत्र उचलणार किती? अगदी थोडा. हे कबूलच करायला हवं, कारण मंद वाढ आणि झपाट्याची सफाई एकाच झाडाकडून मागणं म्हणजे कमी जेवणाऱ्याने जास्त ताटं संपवावीत असं म्हणणं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५०च्या सुमारास लंडनमध्ये मासे आणि वनस्पती यांचा समतोल काचेच्या भांड्यात साधून दाखवला, तेव्हा त्याने निवडलेली वनस्पती व्हॅलिसनेरिया होती, भरभर वाढणारी; आणि तरीही तिच्या कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागल्यावर त्याला तिसरा भिडू म्हणून गोगलगायी आणाव्या लागल्या. तेव्हा वाढ जितकी झपाट्याची तितकी घटही मोठी, हा हिशेब पहिल्या टाकीपासूनचा आहे. काटकसरी झाडांच्या टाकीत सफाईचं काम दुसरीकडे सोपवावं लागतं: फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलून काढायचं. मासे मोजकेच. आणि एक घरगुती युक्ती, जिला बागकामवाले हसतात पण जी हिशेबाला पक्की आहे: मनी प्लांटच्या चार कांड्या टाकीच्या कडेला अशा अडकवायच्या की मुळं पाण्यात आणि पानं हवेत राहतील. हेही अळूच्याच कुळातलं. त्याचं पान हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यामुळे पाण्यातल्या चणचणीशी त्याला देणंघेणं नाही, आणि मुळं नत्र ओढतात. पान मात्र पाण्यात बुडता कामा नये. बाजारात ड्रॅसिना, सिंगोनियम आणि ‘लकी बांबू’ टाकीची झाडं म्हणून बुडवून विकतात. ती जमिनीवरची झाडं आहेत आणि ती जे काही आठवडे हिरवी दिसतात ते त्यांचं मरणंच असतं, सावकाश चाललेलं. कमी प्रकाशाची झाडं टिकत नाहीत हा समज पसरण्यात या विक्रीचा वाटा मोठा आहे.

रूपाचा आक्षेप राहतो. अशी टाकी सगळी हिरवी, लाल झाड नाही, रंगांचा खेळ नाही. खरं आहे, आणि यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. लाल पानाला जो उजेड लागतो तो इथे नाही. हिरव्यातल्या छटा, काळपट लाकडावरचं गडद पान, त्यापुढून जाणारा टेट्रांचा थवा हे ज्याला पुरत नाही त्याने सिलिंडर घ्यावा, खर्च करावा आणि दर आठवड्याला कात्रीही हातात धरावी. ‘परदेशी झाडं कशाला, आपली लावा’ या सूचनेबद्दल मात्र बोलायला हवं, कारण ती भावनेने बरोबर आणि निवडीला चुकीची आहे. क्रिप्टोकोराइनच्या काही जाती आपल्याच आहेत: स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि कोकणच्या पाणथळीत आढळतात, कॉग्नाटा तर कोकणातच सापडते. पण इथली नदी पावसाळ्यात फुगते आणि मग महिनोन्‌महिने उन्हात उघडी पडते. गवतासारखी अरुंद पानं करून ही झाडं त्या ऋतुचक्राला जुळली आहेत. सोफ्याशेजारचा बारमाही अंधुकपणा त्यांच्या ओळखीचा नाही. कुळ तेच, प्रजाती तीच, तरी श्रीलंकेच्या सावलीतली बहीण आपल्या दिवाणखान्यात रमते आणि कोकणातली रमत नाही. वर कॉग्नाटासारखी मोजक्या जागी उरलेली वनस्पती हौसेसाठी ओढ्यातून उपटून आणणं हे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

काटकसरी झाडांची एक बाजू टाकीबाहेरची आहे. पळ काढणारी झाडं पंधरवड्याला मूठभर छाट देतात आणि ती छाट कुठे जाते हे सहसा कुणी विचारत नाही. बादलीतल्या पाण्याबरोबर ती गटारात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते. जलपर्णी भारतात आली तीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दक्षिण अमेरिकेतून, फुलांच्या शोभेसाठी. आज पवना, इंद्रायणी, उल्हास यांच्या पात्रांवर तिचे थर साचतात आणि ते काढण्यावर पालिकांना दरवर्षी पैसे ओतावे लागतात. टाक्यांतली कॅबोम्बा ही पाणवनस्पती केरळच्या कालव्यांत अशीच मोकाट पसरली आहे. अनुबियास मात्र वर्षाकाठी पाच-सहाच पिकली पानं देतं. ती कात्रीने बुडापासून कापायची, कुंडीतल्या मातीत पुरायची, आणि बदललेलं पाव टाकी पाणी त्याच कुंडीत ओतायचं.